चादर उसवते आहे

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी आरतीनंतर मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले पाल्हाळ तेवढे काढले आहे.)



आपल्या चिटणीसांनी मला भाषण करायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "साहेब, मी डिप्लोमावाला माणूस. रुळावर उभे राहून गँगला ओरडून सांगायचे, एवढेच भाषण मला येते." ते म्हणाले, "तुम्ही ते चादर ट्रेकचे सांगा. फोटो दाखवा, गमती सांगा. आपल्या मंडळातली तीन मुले येत्या जानेवारीत जायचे म्हणताहेत. त्यांना जरा टिप्स मिळतील."

त्या तीन मुलांसाठी मी हो म्हटले. फोटो मात्र मुद्दाम थोडेच आणले आहेत. कारण मला जे सांगायचे आहे त्याचा फोटो माझ्याकडे नाही. त्या क्षणी कॅमेरा काढायचे कुणालाच सुचले नव्हते.

चादर म्हटले की आपल्याला आधी सोलापूरची आठवते. आमच्या मिरजेच्या घरी होती, इथे म्हैसूरलाही एक आणली आहे. म्हैसूरच्या थंडीला तेवढी पुरते. डिसेंबरात पारा पंधराच्या आसपास आला की इथे सगळे कानटोप्या घालून चामुंडी टेकडीवर फिरायला जातात! तर मी ज्या चादरीबद्दल बोलणार आहे ती बर्फाची. लडाखमध्ये झांस्कर नावाची नदी आहे. स्तोद आणि त्सारप अशा दोन नद्या पदुम या गावाशी एकत्र येतात आणि झांस्कर होते. स्तोद ही द्रांग-द्रुंग नावाच्या मोठ्या हिमनदीतून निघते. पदुमच्या खाली झांस्कर एका खोल, अरुंद घळीत शिरते आणि लेहच्या अलीकडे निम्मू येथे सिंधूला मिळते. ही घळ इतकी उभी की हिवाळ्यात काही ठिकाणी तळाशी ऊन जेमतेम पोचते. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री उणे वीस, उणे पंचवीसपर्यंत तापमान जाते आणि नदीच्या पृष्ठभागावर बर्फ धरतो. त्या बर्फालाच चादर म्हणतात. खालून नदी वाहतच असते, हे मात्र विसरायचे नाही.

आपल्यासाठी ही चादर म्हणजे साहस. झांस्करी लोकांसाठी ती शेकडो वर्षे रस्ता होती. हिवाळ्यात पेन्सी ला आणि शिंकू ला या खिंडी बर्फाने बंद होत. मग लेहला जायची वाट एकच, गोठलेली नदी. लोणी विकायला जायचे तर त्या वाटेने, मुलांना लेहच्या शाळेत सोडायचे तर त्याच वाटेने, बापाचे बोट धरून. आपण सह्याद्रीत गडावर जातो ते हौसेने. हे लोक नदीवरून चालत ते गरजेने. हा फरक मला तिथे जाईपर्यंत कळला नव्हता.

आता माझी हकीकत. जानेवारी २०२०. मला चाळिशी लागली होती आणि चाळिशी लागली की माणसाला काहीतरी सिद्ध करून दाखवावेसे वाटते. आम्ही आठ जण होतो. चार पुण्याचे, दोन मिरजेचे माझे शाळासोबती, एक हुबळीचा आणि मी. तीन महिने रोज पहाटे चामुंडीच्या हजार पायऱ्या चढून तयारी केली. रजा मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. जाण्यायेण्याची तिकिटे, विमान, सगळे तारखेवार ठरलेले. रेल्वेवाला माणूस म्हटल्यावर वेळापत्रक तर पक्के असणारच.

९ जानेवारीला लेहला उतरलो. तिथे उंचीची सवय व्हावी म्हणून काही दिवस थांबावे लागते, डॉक्टरी तपासणी होते, मगच परवानगी मिळते. ते सगळे झाले. पण ते सगळे दिवस आभाळ भरलेले होते आणि मधूनमधून हिम पडत होते. आम्ही खूष! फोटो छान येत होते. आमचे वाटाडे मात्र गप्प होते. पन्नाशीचे गृहस्थ. आम्ही त्यांना 'आचो' म्हणायचो, म्हणजे लडाखीत थोरला भाऊ. ते सारखे आभाळाकडे बघत. मी त्यांना म्हटले, "आचो, एवढे हिम पडतेय, म्हणजे थंडी भरपूर. चादर मस्त झाली असेल!" ते म्हणाले, "सर, बादल अच्छा नहीं है."

मला तेव्हा हे उलटेच वाटले. हिम म्हणजे थंडी आणि थंडी म्हणजे बर्फ, असा आपला साधा हिशेब. परत आल्यावर वाचले, माहीतगारांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. तो तुम्हालाही सांगतो, कारण सगळ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे.

बर्फ धरायचा म्हणजे पाण्यातली उष्णता बाहेर जायला हवी. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचे नुसते पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापते. बर्फ होताना तेवढीच उष्णता बाहेर टाकावी लागते. निरभ्र रात्री ही उष्णता सरळ आकाशात निघून जाते. ढग आले की ते गोधडीसारखे काम करतात, उष्णता खालीच अडवून धरतात. त्यातून हिम पडले तर तीही गोधडीच. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते. ते बर्फावर पसरले की वरची थंडी खालच्या बर्फापर्यंत पोचत नाही आणि खालून नदीचे पाणी बर्फ झिजवत राहते. म्हणजे वरून पांढरी शुभ्र, जाड, सुंदर दिसणारी चादर आतून विरत असते.

दुसरी गोष्ट, बर्फ जाड व्हायला वेळ लागतो आणि जाड झाल्यावर आणखी वेळ लागतो. श्टेफान नावाच्या शास्त्रज्ञाने १८९१च्या सुमारास याचे गणित मांडले. स्थिर पाण्यावर बर्फाची जाडी दुप्पट व्हायला चौपट थंडी साठावी लागते. समजा साठ दिवस सरासरी उणे दहा अंश थंडी आहे. ती उणे आठवर आली, तर साठलेली थंडी वीस टक्क्यांनी कमी झाली आणि जाडी सुमारे दहा टक्क्यांनी. तुम्ही म्हणाल, दहा टक्क्यांनी काय बिघडते? तळ्यावर फारसे बिघडत नसेल. पण नदीला ओघ असतो. जिथे ओघ जोराचा, तिथे बर्फ मुळातच पातळ. सगळी वाट जाड असून उपयोग नाही. एक जागा पातळ असली की पुरे. रुळाचेही तेच. शंभर किलोमीटर रूळ उत्तम असला आणि एका वेल्डला तडा असला, तर गाडीला तो तडाच भेटतो.

असो. १३ जानेवारीला चिलिंगच्या पुढे तिलत सुमदोपर्यंत गाडीने गेलो आणि तिथून चालायला लागलो. पायात गमबूट, आत लोकरी मोजे. आमच्या पुढे आचो हातात काठी घेऊन. दर चार पावलांवर काठी आपटायची, कान द्यायचा, मग पाऊल टाकायचे. घट्ट बर्फाचा आवाज वेगळा, पोकळ बर्फाचा वेगळा. ते बघून मला आपला कीमन आठवला. खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपला टप्पा पायी तपासणारा, निसटलेली चावी ठोकून बसवणारा, आवाजावरून काय ढिले आहे ते ओळखणारा माणूस. मी आचोंना म्हटले देखील, "आमच्याकडेही असेच असते." ते हसले.

त्या रात्री शिंग्रा कोमाला मुक्काम. रात्रभर आभाळ झाकलेले. थंडी होती, पण सांगतात तेवढी नव्हती. मी तंबूतून मोठ्या ऐटीत म्हटले होते, "एवढीच का थंडी?" १४ तारखेला पहाटे आचो एकटेच पुढे बघून आले आणि म्हणाले, "पाणी चढतेय. पुढे दोन ठिकाणी चादर फाटलीय. आपण परत जायचे."

मंडळी, इथे माझी खरी परीक्षा होती आणि त्या परीक्षेत मी नापास झालो.

मी आठ जणांत वयाने मोठा, म्हणून पुढारी. मी आचोंशी हुज्जत घातली. म्हटले, अजून कुठे काय झालेय? रजा परत मिळणार नाही, पैसे भरलेत, घरी सगळ्यांना सांगून आलोय. निदान दुपारपर्यंत पुढे जाऊन बघू, नाहीच जमले तर फिरू. आचो दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी खांदे उडवले. त्यांचीही अडचण होती. त्यांची कमाई वर्षातल्या या सहा-सात आठवड्यांची. पाहुणा नाराज होऊन गेला, तर पुढच्या वर्षी काम कोण देणार? त्यांच्या त्या गप्प बसण्याला मी होकार समजलो.

तास-दीड तास चाललो असू. आमचे सामान स्लेजवर बांधून ओढत नेणारा एक पोरगा होता, वीस-एकवीस वर्षांचा. घर झांस्करमध्ये, कॉलेज लेहला. सुट्टीत हमाली करून फीचे पैसे जमवायचा. आम्ही काठाकाठाने गेलो, तो स्लेज घेऊन एक पाऊल आत गेला आणि बर्फ 'कड्' करून बसला. क्षणात तो कमरेपर्यंत पाण्यात. स्लेजची दोरी खांद्याला होती आणि स्लेज मागे बर्फावर अडकली होती, म्हणून तो ओघाबरोबर खाली गेला नाही. आमचेच सामान त्याला तारून गेले. ते सामान मुळात त्याने ओढायला नको होते, हा भाग वेगळा. आचो आडवे झोपले, काठी पुढे केली, आणि बाकीच्या हमालांनी मिळून त्याला ओढून काढले. आम्ही आठ जण, सह्याद्रीतले पन्नास गड पालथे घातलेले, नुसते बघत उभे होतो.

त्याची पँट मिनिटभरात पत्र्यासारखी ताठ झाली. त्यांनी कपारीत नेऊन त्याचे कपडे उतरवले, कोरडे घातले, वाळकी झुडपे पेटवली, त्याचे पाय स्वतःच्या पोटाशी धरले. पायाची बोटे पांढरी पडली होती. सुमारे तासाभराने त्यांत रंग आला आणि तो वेदनेने कळवळला. तेव्हा आचो पहिल्यांदा हसले, कारण दुखतेय म्हणजे बोटे जिवंत आहेत. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, एवढेच म्हणाले, "सर, आपकी छुट्टी नदी को मालूम नहीं है."

मंडळी, मी वीसेक वर्षे रुळावर काम करतोय. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, शंका आली की सुरक्षित बाजू घ्यायची. केसाएवढा तडा दिसला तरी गाडी थांबवतो आम्ही. हजार-दीड हजार माणसे गाडीत बसलेली असोत, वरून फोनवर फोन येवोत, कॉशन ऑर्डर काढली की काढली. कीमनने लाल झेंडी दाखवली तर राजधानी एक्स्प्रेससुद्धा थांबते. आणि तोच मी, एका जाणत्या माणसाने दाखवलेली लाल झेंडी ओलांडून गेलो. का, तर माझी रजा संपत होती.

त्याच दिवशी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, संक्रांत होती. माझ्या सौ.ने डब्यात तिळगूळ दिला होता. नेरकच्या धबधब्यापाशी उभे राहून वाटायचा, असा बेत होता. तो तिलत सुमदोला गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवून वाटला. त्या पोराच्या हातावर ठेवताना 'गोड गोड बोला' म्हणायला माझी जीभ रेटेना. त्याला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने 'जुले' म्हणून तो खाल्ला आणि आणखी एक मागितला.

लेहला पोचल्यावर कळले की आमच्या पुढे गेलेले कितीतरी गट नेरकला अडकले आहेत. चादर फाटली होती, नदीचे पाणी चढले होते, पुढेही जाता येईना आणि मागेही. शेवटी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी शंभराहून जास्त ट्रेकर्सना बाहेर काढले. त्यांत परदेशी पाहुणेही होते. तुम्ही त्या वेळी वर्तमानपत्रात वाचले असेल. दोन दिवस आधी निघालो असतो, तर आम्हीही त्या रांगेत असतो.

आता कुणी म्हणेल, एका वर्षी ढग आले, चादर फाटली, यात हवामान बदलले असे कसे म्हणता? बरोबर आहे. एका गाडीला उशीर झाला म्हणून वेळापत्रक बिघडले असे होत नाही. चादर पूर्वीही फाटत असे, माणसे पूर्वीही पडत असत. ३१ डिसेंबर २०१४ला त्सारपच्या खोऱ्यात दरड कोसळून नदी अडली, मोठे तळे झाले आणि त्या हिवाळ्यात ट्रेक बंद ठेवावा लागला. पुढे मे २०१५मध्ये ते तळे फुटून पुलांचे नुकसान झाले. त्याचे खापर मी उगाच हवामानबदलावर फोडणार नाही.

पण अनेक वर्षांची नोंद एकत्र पाहिली की चित्र बदलते. आपल्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२०मध्ये भारताच्या हवामानबदलाचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात म्हटले आहे की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आणि हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यात १९५१ ते २०१४ एवढ्याच काळात सुमारे १.३ अंशाने. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त काळात जवळजवळ दुप्पट.

सव्वा अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. आम्हा रुळवाल्यांना विचारा. एक किलोमीटर मोकळा रूळ दहा अंशांनी तापला तर साडेअकरा सेंटीमीटर लांब होतो. त्याला वाढायला जागा नसते, म्हणून तो ताण आत धरून ठेवतो. म्हणून रूळ बसवतानाच तिथले वर्षातले कमाल-किमान तापमान बघून हिशेब करतात, उन्हाळ्यात उष्णतेची गस्त आणि थंड प्रदेशात थंडीची गस्त घालतात. सगळा हिशेब त्या कमाल-किमानावर उभा असतो. ती चौकटच सरकली तर जुना हिशेब कसा चालेल? चादरीचे तेच झाले आहे. आचो सांगत होते, त्यांच्या वडिलांच्या वेळी वाट कधी धरणार आणि कधी सुटणार हे म्हातारी माणसे तिथीवारासारखी सांगत. "आता काठीवर भरवसा आहे, पण तारखेवर नाही," असे ते म्हणाले. बापाकडून मुलाकडे आलेले ज्ञान खोटे ठरले नाही. ज्या हिवाळ्याचे ते ज्ञान होते, तो हिवाळा बदलला.

हे केवळ लडाखमध्येच नाही. नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतात अकरा गावांना जोडणाऱ्या गोठलेल्या कालव्यांवरून सुमारे दोनशे किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होते. १९०९मध्ये ती सुरू झाली. सगळ्या वाटेवर बर्फ पंधरा सेंटीमीटर जाड असेल तरच ती घेतात. शेवटची, पंधरावी शर्यत ४ जानेवारी १९९७ला झाली. त्यानंतर आजवर नाही. लाखो लोक दर हिवाळ्यात वाट बघतात, पण संयोजकांनी 'थोडे कमी असले तरी चालेल' असे एकदाही म्हटले नाही. मला त्या शर्यतीपेक्षा या नकाराचे कौतुक वाटते.

जपानमध्ये सुवा नावाचे तळे आहे. ते पुरते गोठले की थंडी-उष्णतेने बर्फाला भेग पडून कड्यासारखा उंचवटा उमटतो. देव तळे ओलांडून गेला त्याचीच ही खूण, अशी तिथली श्रद्धा. तिथल्या देवळाचे पुजारी १४४३पासून याची नोंद ठेवत आले आहेत. म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य होते तेव्हापासून! २०१८मध्ये तो उंचवटा उमटला. २०१९ ते २०२५ सलग सात वर्षे उमटला नाही. पुजारी पहाटे तळ्याकाठी जातात, पाण्याचे तापमान मोजतात आणि 'आज नाही' असे वहीत लिहून परततात. आहे ते जसेच्या तसे लिहिणे हीसुद्धा पूजाच म्हणायची.

चादरीचे दिवस भरत आले, त्याला आणखी एक कारण आहे आणि ते सांगितले नाही तर मी अर्धेच सांगितले असे होईल. रस्ता. सीमा सडक संघटनेने निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४मध्ये जोडून पूर्ण केला. तो त्याच घळीच्या कडेने जातो. शिंकू लाखाली ४.१ किलोमीटरचा बोगदा होणार आहे, त्याचा पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ला उडवला. ट्रेकर मंडळी हळहळतात, घळीची शोभा गेली म्हणतात. मी अभियंता आहे, मला त्या रस्त्याचा आनंदच होतो. बाळंतपण अडलेल्या बाईला फाटक्या बर्फावरून न्यावे लागू नये, एवढे मागायचा त्या लोकांना हक्क आहे. चादर विरते आहे म्हणून तर रस्ता अधिकच हवा. आपल्या फोटोसाठी त्यांनी नदीवरून चालत राहावे, ही अपेक्षा बरी नव्हे.

खरी काळजी रस्त्याची नाही, पाण्याची आहे. ज्या बर्फावरून आपण चालतो, त्याच बर्फाच्या पाण्यावर ती गावे जव पिकवतात. झांस्करमधल्या कुमिक नावाच्या जुन्या गावाचे ओढ्याचे पाणी आटले आणि लोकांना खाली नव्याने वस्ती करायची वेळ आली. आपल्याकडे पाऊस रुसला तर पुढच्या वर्षी येतो. तिथे डोंगरावरचा बर्फ संपला तर पुढच्या वर्षी येईल असे नाही.

पण हात टेकून बसायचे, असेही नाही. लेहचे चेवांग नोरफेल यांचे नाव मुलांनी लिहून घ्यावे. ते सिव्हिलचे डिप्लोमावाले, माझ्या जातीचे! सरकारी नोकरीत गावोगाव कालवे, पूल बांधले. हिवाळ्यात नळाचे वाहते पाणी झाडांच्या सावलीत साचून गोठलेले त्यांनी पाहिले आणि विचार केला, हिवाळ्यात फुकट वाहून जाणारे पाणी गावाजवळ सावलीत अडवून गोठवले तर वसंतात पेरणीच्या वेळी ते वितळेल. दगडी बांध घालून त्यांनी अशा कृत्रिम हिमनद्या केल्या. २०१५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी पाणी उंच फवारून बर्फाचे स्तूप उभे केले, तेही त्याच दिशेने. मोठे यंत्र नाही, मोठे भांडवल नाही. नीट बघणे आणि नीट बांधणे एवढेच.

आता त्या तीन मुलांसाठी. चिटणीसांनी टिप्स सांगा म्हटले होते, तर चारच सांगतो.

पहिली, परतीच्या तिकिटाला चार दिवसांची ढील ठेवा. ढील नसेल तर निघूच नका. घाईत असलेल्या माणसाला पातळ बर्फसुद्धा जाड दिसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी, निघण्याआधी सगळ्यांनी मिळून वाटाड्याला सांगा, 'तुमचा नकार अंतिम. पैसे पूर्ण देऊ, परत फिरलो तरी.' हे आधी सांगितले तरच तो मोकळेपणाने नाही म्हणू शकेल. आमच्या आचोंना मी ती मोकळीक दिली नव्हती.

तिसरी, हमालांचे बूट, कोरडे कपडे, झोपायची सोय आणि विमा तुमच्याएवढाच आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. नसेल तर त्या कंपनीबरोबर जाऊ नका. चार हजार रुपये वाचतील, पण त्याची किंमत कुणाच्या तरी पायाची बोटे असेल.

चौथी, चादर धरली नाही तर रागावू नका. आता रस्ता आहे. वाट उघडी असेल तर गाडीने जा, गावात राहा, चुलीशेजारी बसून लोणी घातलेला चहा प्या, म्हाताऱ्यांना जुन्या हिवाळ्याच्या गोष्टी विचारा. त्यांची चूल पेटती राहील आणि तुम्हाला झांस्कर कळेल. ट्रेक झाला नाही म्हणून कुणी हसले, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तो पोरगा आता पदवीधर झाला आहे. दर संक्रांतीला त्याचा फोन येतो. मी म्हणतो 'तिळगूळ घ्या', तो म्हणतो 'जुले'. दर वर्षी मी विचारतो, "यंदा चादर कशी आहे?" आणि तो दर वर्षी वेगळे उत्तर देतो. एखाद्या वर्षी छान असते, एखाद्या वर्षी पंधरा दिवसही टिकत नाही. गेल्या खेपेला त्याने मलाच विचारले, "सर, आप फिर कब आएँगे?" मी म्हटले, "तू ये म्हणशील तेव्हा. आणि परत जा म्हणशील तेव्हा परत जाईन."

एवढेच सांगायचे होते. आपले रूळ असोत, नदी असो की तिच्यावरचा बर्फ, रोज ठोकून बघणाऱ्या माणसाचे ऐकावे. त्याचे न ऐकण्याची किंमत बहुतेक वेळा त्यालाच मोजावी लागते. आपण फक्त काठावर उभे असतो.

विघ्नहर्ता विघ्ने दूर करतोच. पण विघ्न समोर दिसत असताना फिरून मागे यायची बुद्धीही तोच देतो. ती आपल्या मुलांना मिळो, एवढे मागतो आणि थांबतो. प्रसाद तयार आहे.

गणपती बाप्पा मोरया!